चिमाजी मळ्याचा रिकामा थांबा

१

चिमाजी मळ्याची टिकली नकाशावरून गायब झाली होती.

आमच्या कार्यालयाची एक अख्खी भिंत त्या नकाशानं अडवली होती. नाशिक रोड स्टेशनपासून निघून, द्वारका ओलांडून, थेट पंचवटीपर्यंत जाणारा बीआरटीचा मार्ग. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली मार्गिका, आणि जिथे जिथे स्थानक होणार तिथे एकेक लाल टिकली. काल संध्याकाळी चिमाजी मळ्यावर टिकली होती. आज सकाळी नुसता कागद होता.

"कुणी काढली?" मी आल्या आल्या विचारलं.

"मीच काढली, सुवर्णाताई," प्रकल्पप्रमुख आशा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "का काढावी लागली, ते कुंदनकडे जाऊन बघा. उद्या जनसुनावणी आहे. त्याआधी मला सांगा, आपल्या शुभांगीनं खोटे आकडे बनवले की नाही."

मी सुवर्णा ताजनपुरे. पोलिसातून निवृत्त झाले, आणि घरी बसून सासूबाईंशी रिमोटवरून भांडण्यापेक्षा बरं म्हणून इथली दक्षता अधिकारी झाले. आजवर डिझेलचोरी नाहीतर खोटी हजेरी, यापलीकडे काही वाट्याला आलं नव्हतं. पण शुभांगी विधाते? नाक्यानाक्यावर उन्हात उभी राहून माणसं मोजणारी ही पोरगी खोटे आकडे लिहील, हे माझ्या पचनी पडेना.

प्रकरण तसं साधं होतं. चिमाजी मळ्याच्या आसपास सगळी फुलांची आणि भाजीपाल्याची शेती. तिथल्या बाया रोज सकाळी टोपल्या घेऊन फूलबाजाराला निघतात. सिटी बसच्या पायऱ्या उंच, टोपली चढवता येत नाही, आणि ड्रायव्हर थांबायला तयार नसतो. म्हणून त्या टेम्पोत कोंबून जातात. बसच्या तिकिटांत त्यांची कुठे नोंदच नाही. शुभांगीनं स्वतः उभं राहून मोजणी केली आणि लिहिलं, 'थांबा खचाखच भरलेला. स्थानक हवंच.' ही मोजणी पडताळायला नवरात्रात, ललिता पंचमीच्या सकाळी, समोरच्या खांबाला कॅमेरा बांधला होता.

कुंदननं मला ते चित्रण दाखवलं. कॅमेऱ्यांची सगळी जबाबदारी या कुंदनकडे. गडी कामाला चोख, बोलायला मात्र कंजूष.

पडद्यावर चिमाजी मळ्याचा थांबा दिसत होता. वर कोपऱ्यात तारीख ललिता पंचमीची. सकाळचं कोवळं ऊन. एक कुत्रं येऊन बाकड्याखाली झोपलं. एक सायकलवाला गेला. मग एक सिटी बस आली, तोंडावर फुलांचा हार मिरवत न थांबता निघून गेली. मागोमाग एक ट्रॅक्टर गेला. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं.

"खाली डाव्या कोपऱ्यात हा लालसर डाग कसला?"

"धूळ असेल काचेवर," कुंदन म्हणाला.

मी शेवटपर्यंत पाहिलं. थांबा शेवटपर्यंत रिकामा होता. खोली सोडताना शुभांगी दारात दिसली. डोळे लाल झालेले.

"मॅडम, त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती," ती म्हणाली. "माझं माहेर त्याच मळ्यात आहे, म्हणून मी खोटं लिहिलं असं सगळे म्हणताहेत. नोकरी जाईल याचं दुःख नाही हो. पण माझ्या आईला आयुष्यभर टेम्पोच्या फाळक्याला लटकत जाताना पाहिलंय मी. ते स्थानक गेलं तर पुन्हा होणार नाही."

ते खरंच होतं. सुनावणीत आराखड्यावर एकदा शिक्कामोर्तब झालं की विषय संपला.

२

"चला, मळ्याच्या थांब्यावर मी सोडतो तुम्हाला. मलाही तिथल्या लॉन्सवर उद्याच्या सुनावणीची तयारी बघायचीय," राज दातीर म्हणाले.

राज म्हणजे या मार्गाचे मुख्य नियोजनकार. हुशार माणूस, बोलण्यात साखर. स्टेशन ते पंचवटी अर्ध्या तासात, हे वचन त्यांनीच भर सभेत दिलं होतं, आणि ते सगळ्या शहरात फलकांवर झळकत होतं. त्यांच्या उंच गाडीत मी कशीबशी चढले. आत गार हवा आणि अत्तराचा वास. समोरच्या काचेवर माझ्या बाजूला खाली कुंकवाचं स्वस्तिक होतं.

"आईनं काढलंय," ते हसले. "मी म्हटलं बॉनेटवर काढ, तर म्हणाली बॉनेटवर टिकत नाही. दिवाळीपर्यंत पुसायचं नाही असा हुकूम आहे."

"आमच्याकडेही असेच हुकूम निघतात," मी म्हटलं. आणि खरंच, मला या माणसाबद्दल जरा आपुलकी वाटली.

जनसुनावणी मळ्याच्या थांब्यासमोरच, हिरामणशेठच्या लग्नाच्या लॉन्सवर होती. लॉन्सच्या मोठ्या फाटकासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे थांबा. कॅमेरा बांधला होता तो खांब फाटकाला अगदी खेटून. तोही फार उंच नाही, हात वर केला की पोचेल एवढ्यावर त्याच्या पट्ट्याची खूण होती.

हिरामणशेठ पांढऱ्या कपड्यांत, कपाळावर आठ्या घेऊन उभे होते.

"तुमची बीआरटी झाली की माझ्या फाटकासमोरचा दुभाजक बंद होणार," ते सुरुवातीलाच कडाडले. "वराती काय उडत येतील? मी उद्या विरोधात बोलणार. जागा भाड्यानं दिली म्हणून तोंड नाय विकलं."

"कॅमेऱ्याला कुणी हात लावलेला पाहिलात?"

"मी काय राखण करीत बसतो? माझ्याच फाटकात कुणीही गाडी आडवी लावून बसतं, त्यांना हाकलण्यातच जीव जातो माझा."

हा माणूस विरोधक होता, जागा त्याची होती, खांब त्याच्या दारात होता. मी त्याचं नाव मनात ठळक लिहून ठेवलं आणि रस्ता ओलांडला.

थांब्यावर दुपारच्या टेम्पोची वाट बघणाऱ्या टोपल्या होत्या. झेंडू, शेवंती, गुलाब, कोथिंबीर. एकामागे एक, अगदी सरळ रांगेत. माणूस मात्र एकही नाही. बाया थांब्याच्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत, पाय पसरून बसल्या होत्या.

"रांगेत उभ्या का नाही राहत?" मी विचारलं.

"टोपली हाय ना उभी," लंकाबाई म्हणाल्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, आवाजानंही. "जिची टोपली पुढं ती आधी चढणार. आपण कशाला उन्हात तापायचं, बाई? कुणी कुणाची टोपली सरकवत नाय. सरकवली तर तिची धडगत नाय."

मला टाळी वाजवावीशी वाटली. सापडलं! कॅमेऱ्याला बाया दिसल्याच नाहीत, कारण त्या झाडामागे होत्या. शुभांगीनं बाया मोजल्या, कॅमेऱ्यानं रिकामा थांबा पाहिला. दोघंही खरी!

"नवरात्रात तर गर्दी असेल?"

"लय! दसऱ्यापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाय," लंकाबाईंच्या शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या. "वावरातला झेंडू खुडून खुडून बोटं काळी पडत्यात. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा मळा झोपतो. त्या दिवशी फुलाला इचारतंय कोण?"

"बाई, ते ठेसन होणार ना?" लंकाबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला झेंडूचा उग्र वास येत होता. "शुभी म्हनली व्हती, फलाट आन् बस एका उंचीवर असन. टोपली उचलायची नाय, नुसती लोटायची. माझं खांदं गेलं बाई उचलून उचलून."

"होणार," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी क्वचितच काही बोलते.

३

कार्यालयात परतले ती विजयी मुद्रेनं. कुंदनला म्हटलं, लाव ते चित्रण पुन्हा, आणि शुभांगीला बोलाव.

चित्रण लागलं. थांबा, बाकडं, कुत्रं. माझा आवेश पाण्याच्या फुग्यासारखा फुटला. थांब्यावर बाया नव्हत्याच, पण टोपल्याही नव्हत्या. एकही नाही. बाया झाडामागे बसतील, टोपल्या कुठे बसणार?

शुभांगीनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती जागेवर गेली आणि राजीनामा लिहायला बसली.

"हे तरी लिहू नकोस एवढ्यात," मी म्हटलं.

"उद्या सगळ्यांसमोर आईचं नाव निघण्यापेक्षा आजच गेलेलं बरं, मॅडम."

मला स्वतःचाच राग आला. म्हाताऱ्या बाईला ठाम शब्द देऊन आले होते मी. चिडून घरी जायला निघाले. खाली येऊन स्कूटर काढली तर हँडलला अडकवलेला झेंडूचा हार हाताला लागला. वाळून कडक झालेला. फुलं चुरून बोटांना चिकटली. किती दिवस म्हणतेय काढते, पण सासूबाईंचा नियम, दसऱ्याचा हार आपणहून गळेपर्यंत काढायचा नाही.

दसऱ्याचा हार.

मी तिथेच थबकले. पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीकडे पाहिलं. दुचाकी, रिक्षा, पाण्याचा टँकर, सगळ्यांच्या तोंडावर वाळलेले हार. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते, ती झाली की हार लागतो. तो इतका सगळीकडे असतो की कुणाच्या डोळ्यांत भरतच नाही.

मी जिने चढून धापा टाकत वर गेले.

"कुंदन, ती बस दाखव. थांब. इथेच."

सिटी बसच्या तोंडावर हार होता. ताजा, टपोऱ्या झेंडूचा, मध्ये आंब्याची पानं. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरलाही तसाच. सायकलवाल्याच्या हँडललासुद्धा एक फूल खोचलेलं.

"ललिता पंचमीला गाड्यांना हार कुणी घालतं का रे?"

कुंदनचा चेहरा पांढरा पडला. "नाही मॅडम. दसऱ्याला."

"मग हे चित्रण पंचमीचं नाही. दसऱ्यानंतरचं आहे. हार ताजे आहेत, म्हणजे दुसऱ्याच दिवशीचं. अख्खा मळा झोपलेला असतो त्या दिवशीचं. तारीख मागची कशी लागली?"

"कॅमेऱ्यातलं घड्याळ मागे फिरवलं की लागते," तो अडखळत म्हणाला. "पण मॅडम, मी नाही हो! सगळे कॅमेरे मी खंडेनवमीला खांबांवरून उतरवले, पूजेला मांडले. दसऱ्याला पूजा हलवली, कॅमेरे कपाटात बंद केले, आणि त्याच संध्याकाळी चांदवडला रेणुकामातेला गेलो, सासुरवाडीच्या सगळ्यांसोबत. दोन दिवसांनी आलो."

"पंचमीचं खरं चित्रण कुणाकडे दिलं होतंस?"

"राजसरांकडे. तपासायला. कार्ड त्यांनीच परत दिलं."

"आणि कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे. एक राजसरांकडे. पण ती तर त्यांच्या टेबलाच्या खणात असते, कुणीही उचलेल."

एवढ्यावर कुणाला पकडता येत नाही. शुभांगीसुद्धा उचलू शकली असती, असं उद्या कुणीही म्हणेल. मी पुन्हा पडद्याकडे वळले. कॅमेरे खांबांवरून उतरले होते. मग दसऱ्यानंतर हा कॅमेरा कशावर ठेवला होता? पुन्हा खांबाला बांधला असता, तर रस्त्यावरच्या कुणी ना कुणी पाहिलं असतं.

मी खाली डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. लालसर डाग. इतक्या वेळात त्याकडे नीट बघावं असं मला सुचलंच नव्हतं.

"हा मोठा कर," मी कुंदनला म्हटलं.

डाग मोठा होत गेला. त्याला एक काटकोन होता. मग दुसरा दिसला. मी कुंदनला त्याचा फोटो छापायला सांगितलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्सवर मांडव माणसांनी भरला होता. लॉन्सच्याच वधूकक्षात, चारी बाजूंच्या आरशांमध्ये, मी सगळ्यांना जमवलं. आशा मॅडम, राज दातीर, कुंदन, शुभांगी आणि कुरकुरणारे हिरामणशेठ. शुभांगीच्या हातात राजीनाम्याचं पाकीट होतं. बाहेर ध्वनिक्षेपकावर कुणीतरी सारखं 'हॅलो, चेक' म्हणत होतं.

मी हारांची गोष्ट सांगितली. आशा मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो, मी स्वतः ते चित्रण तीनदा पाहिलं! हार दिसला, पण डोक्यात शिरला नाही."

"कुणाच्याच शिरला नाही. ज्यानं हे केलं त्याच्याही नाही. त्यानंही आदल्या दिवशी गाडीला हार घातलाच होता. फक्त हार नाही, त्याच्या गाडीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिकही होतं. कॅमेरा खांबावर नव्हता, मॅडम. गाडीत होता. गाडी या फाटकात, थांब्याकडे तोंड करून उभी होती. समोरच्या काचेतून चित्रण झालं, आणि खालच्या कोपऱ्यात स्वस्तिकाची दोन टोकं आली." मी मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला. "स्वस्तिक सहसा बॉनेटवर काढतात. काचेवर काढलेलं मी या हंगामात एकाच गाडीवर पाहिलं. ते अजूनही आहे. दिवाळीपर्यंत पुसायचं नाही, असा त्या घरचा हुकूम आहे."

चारी आरशांत राज दातीर दिसत होते.

"काचेवर स्वस्तिक नाशकात शंभरजणांच्या असेल," ते शांतपणे म्हणाले.

"असेल. पण शंभरजणांकडे कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली नाही, आणि पंचमीचं कार्डही त्यांच्या हातात नव्हतं."

"थांबा जरा." हिरामणशेठ पुढे आले. राजना त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काल तुम्ही आत गाडी घातली तेव्हाच वाटलं, ही उंच गाडी बघितलीये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझं फाटक अडवून गाडीत बसला होतात. मी हटकलं तर म्हनालात, लग्नासाठी लॉन्स बघायला आलोय. मी चहा पाजला राव तुम्हाला!"

"शेठ, तुमचा तर या योजनेला विरोध आहे," आशा मॅडम चकित होऊन म्हणाल्या.

"हायेच. आज बी विरोधातच बोलणार. पण त्या बायांशी भांडून भांडून इतकी वर्सं काढलीत, त्यांना अशी टांग मारलेली मला चालायची नाय."

राज खाली बसले. ते स्वतःच्या घड्याळाशी चाळा करू लागले.

"मी कुणाकडून काही घेतलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही चौकशी करा. मी अर्ध्या तासाचं वचन दिलं होतं. सगळी स्थानकं बसवली, सिग्नल बसवले, पण हिशेब बसत नव्हता. एवढ्या टोपल्या चढायच्या म्हणजे बस इथे रखडणार. मागच्या सगळ्या बसगाड्या रखडणार. एक थांबा गेला असता तर अख्खा मार्ग धावला असता."

"आणि माझं नाव गेलं असतं," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. "सर, टोपल्या चढायला वेळ लागतो तो पायऱ्यांमुळे. सपाट फलाट आणि रुंद दार असलं तर लागत नाही, हे मी तुम्हाला आराखडा देताना सांगितलं होतं. तुम्ही एकदा इथे उभं राहून बघायचं होतं."

"कागदावर असं सगळंच होतं, शुभांगी."

"मग कागदावर नको," आशा मॅडम उठल्या. "प्रात्यक्षिकाची बस बाहेर उभीच आहे. चला, राज. तुमचं घड्याळ घेऊनच चला."

५

मैदानात बसच्या तळाएवढ्या उंचीचा लाकडी फलाट उभारला होता. शुभांगीनंच तो लोकांना दाखवायला बनवून घेतला होता. एका बाजूनं वर यायला उतार, आणि पुढे नवी बस, दार सताड उघडून फलाटाला चिकटलेली.

बायांनी सवयीनं आधी टोपल्या नेऊन रांगेत लावल्या आणि स्वतः मांडवाच्या सावलीत जाऊन बसल्या. लोक हसले. मग शुभांगीनं हात वर केला.

"काकू, बस आली!"

लंकाबाई पदर खोचून उठल्या. पुढची टोपली त्यांची. वाकून उचलायला गेल्या, आणि मध्येच थांबल्या. उचलायचं काही नव्हतंच. त्यांनी टोपलीला एका हातानं नुसतं पुढे लोटलं. टोपली फलाटावरून सरकत थेट बसच्या आत गेली. मागून नवसाबाईंची गेली. मग शेवंती, गुलाब, कोथिंबीर, एकीमागे एक. आधीपासूनच लागलेली रांग, त्यामुळे ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. दार बंद झालं.

मी राजकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी मनगट खाली केलं.

"किती?" आशा मॅडमनी विचारलं.

"बाकीच्या स्थानकांना मी धरला होता त्याहून कमी," ते हळूच म्हणाले. "माझं गणित चुकलं."

"गणित चुकलं ते माफ करता येतं. कार्ड बदललं ते नाही. तुमची किल्ली इथेच द्या, राज. बाकीचं चौकशीत सांगा." मॅडमनी तळहात पुढे केला, आणि राजनी किल्ली त्यावर ठेवली.

मग आशा मॅडम मंचावर चढल्या आणि आडपडदा न ठेवता जाहीर केलं, की चित्रण खोटं होतं, शुभांगी विधातेंची मोजणी खरी होती, आणि चिमाजी मळा स्थानक आराखड्यात कायम राहील. हिरामणशेठ विरोधात बोलले, चांगलं खणखणीत बोलले, आणि वरातींसाठी फाटकाजवळ वळण द्यायचं मॅडमनी मान्य केलं. सुनावणीत आराखडा मंजूर झाला तेव्हा मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की समोरच्या बाकड्याखालचं कुत्रं उठून पळालं.

नकाशा मंचावरच टांगला होता. आशा मॅडमनी लाल टिकली शुभांगीच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पण लावली नाही. गर्दीतून वाट काढत मागच्या रांगेत गेली आणि एका बारीकशा बाईचा हात धरून तिला मंचावर घेऊन आली. ती तिची आई. शुभांगीनं बोट ठेवून जागा दाखवली, आणि आईनं अंगठ्यानं टिकली दाबून बसवली. माझे डोळे भरून आले, त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. राजीनाम्याचं पाकीट मी शुभांगीच्या दुसऱ्या हातातून काढून घेतलं आणि टराटरा फाडलं.

"बाई, सांगितलं तसं केलंत," लंकाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातात ताज्या झेंडूचा हार होता. मला वाटलं माझ्यासाठीच आणलाय, म्हणून मी मान जरा पुढेही केली. पण त्या माझ्या बाजूनं सरळ बसकडे गेल्या, टाचा उंचावून तिच्या तोंडावर हार बांधला आणि दोन पावलं मागे येऊन हात जोडले.

कुंदन खांबाला कॅमेरा बांधत होता.

"कुंदन," मी ओरडून म्हटलं, "आजची तारीख नीट लाव रे!"

"लावली मॅडम," तो हसून म्हणाला, आणि फुलांनी आणि बायांनी भरलेली बस शुभांगीच्या आईसकट पंचवटीच्या दिशेनं निघाली.